सुया उकळायची प्रार्थना

घड्याळ होतं आजीकडे, पण त्याच्यावर भरवसा नव्हता.
स्वयंपाकघरात ती प्रार्थनांनी वेळ मोजायची.
अंड्याला छोटी,
भाताला मधली,
आणि इंजेक्शनच्या सुया उकळायला लांबलचक,
जिच्यात गुरुवार पेठेतले सगळे आजारी
नावानिशी, दुखण्यानिशी यायचे:
यमुनाबाई शेलारांचा दमा,
पंक्चरवाल्या इस्माईलचा गुडघा,
कोपऱ्यावरच्या वाण्याची साखर,
"आणि त्याची जिलबी तूच बंद कर प्रभू,
माझं तो ऐकत नाही."
देवाशी ती अशीच बोलायची,
वॉर्डबॉयशी बोलावं तशी.
आमेन म्हटलं की स्टोव्ह बंद.

राहुरीकडून आली तेव्हा सतराची,
पत्र्याची ट्रंक, दोन लुगडी, मिशनच्या बाईंची चिठ्ठी.
पुढे नर्स झाली. सत्वशीला चक्रनारायण
एवढं नाव छातीवरच्या पट्टीवर मावेना,
तर तिनं पट्टी लांब करून घेतली,
नाव नाही तोडलं.

पानशेत फुटलं त्या आठवड्यात
चिखल तुडवत शनवारात, नारायणात हिंडली,
कॉलऱ्याची लस घेऊन.
लोक दंड पुढे करेनात
म्हणून आधी स्वतःलाच टोचून दाखवलं, म्हणे.
तीनदा.
मी शाळेत असताना पाचदा.
माझ्या लग्नात व्याह्यांना सांगताना सातदा.
खोटं बोलणं पाप आहे, असं
तिनंच मला शिकवलं होतं,
त्याच दंडावर हात ठेवून.

हिरवी लेडीज सायकल, हॅन्डलला पिशवी,
नाताळात कॅरियरला करंज्यांचा डबा,
आणि वन-वेच्या पाटीखालून उलटी, ताठ मानेनं.
हवालदारानं अडवलं तर त्याची जीभ बघायची.
"पोट साफ नाही तुमचं," म्हणायची,
आणि निघायची.
रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी देवळात,
पितळी दिवठाण चिंचेनं घासत,
वरची घंटा दोन मिनिटं मागे आहे
म्हणून पाळकसाहेबांना ऐकवत.

एकोणऐंशीव्या वर्षी फडगेटपाशी
रिक्षानं पाडलं.
रस्त्यावर आडवी पडून तिनं विचारलं, चेन तुटली का?
मग रिक्षावाल्याचंच मनगट धरलं,
तो थरथरत होता, त्याची नाडी मोजली.
त्या संध्याकाळी प्लॅस्टरमधल्या पायासकट
लांबलचक प्रार्थनेत एक नाव वाढलं:
रिक्षावाले कोंढाळकर, बीपी.

तोवर सुया उकळायचं कुणी राहिलं नव्हतं.
डिस्पोजेबल आल्या, स्टोव्ह माळ्यावर गेला.
प्रार्थना चालूच.

सत्त्याण्णवाव्या वर्षी आम्ही तिला आठवेनासे झालो.
माझ्या भावाला ती डॉक्टरसाहेब म्हणायची,
मला, ए मुली.
पण यादी शाबूत.
"इस्माईलचा गुडघा?" तिनं एकदा विचारलं.
इस्माईलचाचांना जाऊन वीस वर्षं झाली होती.
मी म्हटलं, बरा आहे.
"बरा ना? मग नाव काढते."

असं रोज सुरू झालं.
दमा? बरा.
वाण्याची साखर? उतरली.
मी एकेकाला बरं करत गेले,
ती एकेक नाव खोडत गेली,
हात उशीच्या अभ्य्रावर, बोटानं.
सुयांची प्रार्थना भाताएवढी झाली.
पावसाळा संपेपर्यंत अंड्याएवढी.
कोंढाळकर तेवढे खरोखरच ठणठणीत होते,
स्वतः येऊन सांगून गेले, मोसंबी घेऊन.

मग एक रात्र,
दिवा बारीक केल्यावर ती म्हणाली,
"आणि विनयाची झोप."
मी गप्प.
केव्हा घातलं होतं तिनं मला यादीत,
कोणत्या दमाच्या, कोणत्या गुडघ्याच्या मध्ये?
"मुली, त्या विनयाला झोप लागते का?"

लागते म्हटलं असतं तर नाव गेलं असतं.

नाही आजी, म्हटलं. अजून नाही.
ती "हं" म्हणाली,
पाय जरा सरळ केले,
आणि पहिल्यापासून सुरू केलं.