नाकासमोर

तूरे,
फोनवर लोक तुला अजून ‘बाई’ म्हणतात.
चोविसावं सरलं, मिसरूड नाही.
डांबराच्या भट्टीवरून येतोस
आणि दारातूनच विचारतोस मला,
‘अंगाला वास येतोय?’

ओउलूच्या दवाखान्यात डॉक्टर सिनिक्कानं
तुझ्या नाकाखाली कॉफी धरली, लवंग धरली,
शेवटी डांबर.
तू खिडकीतला बर्फ बघत राहिलास.

मग तिनं पाकिटामागे रेघ ओढली:
आईच्या पोटात, तुझ्या नाकापाशी
जन्मल्या होत्या मूठभर पेशी.
वासाचा धागा धरून
मेंदूत जायचं होतं त्यांना,
वयात येण्याची वर्दी घेऊन.
हाक आली होती.
ती झेलणाऱ्या दाराची कडीच उलटी बसलेली,
जनुकातल्या एका अक्षरापायी.
निघाल्या. पोचल्या नाहीत.

आमचा तूरे नाकासमोर चालणारा,
आई सांगायची गावभर.
आपण दोघं तिथेच फिसकन हसलो.

आता ठरल्या दिवशी सुई.
मे महिन्यात आईनं फोन उचलला,
म्हणाली, ‘कोण बोलतंय?’
तू गप्प.
पलीकडून पुन्हा, जरा घाबरून,
‘कोण?’

वास काही येणार नाही, हे डॉक्टरनं सांगितलंय.
तो मीच सांगते:
धूर, ओली साल,
आणि तळाशी
करपलेल्या साखरेसारखं काहीतरी.