साधी

मे महिना, बोंडूंचा वास अजून कपड्यांत मुरलेला.
वाळपईहून आलेली पहिली बस फोंड्यात रिकामी झाली
आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसली
मनस्वी गावस, वय अकरा,
पोटावर दप्तर धरून. सुट्टीतसुद्धा दप्तर.

आईकडं प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते:
जंताचं औषध, दोनदा.
गॅसच्या गोळ्या.
आणि लघवीची एक तपासणी, जिच्या नावावर अंगठा ठेवूनच
तिनं कागद माझ्यापुढं केला.
मी अंगठा सरकवायला सांगितलं नाही.

घाडीनं नारळ फोडून देवचाराचं नाव घेतलं होतं.
शेजाऱ्यांनी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं,
फक्त मनस्वी नळावर आली
की बाकीच्यांच्या बादल्या लवकर भरायच्या.

जेल थंड असतं, ते मी आधी तळहातावर धरते.
पोटावरूनच बघायचंय, बाय. आई हांगाच आसा.
तिनं दप्तर सोडलं.

पडद्यावर एक गोल काळोख,
त्यात तरंगणाऱ्या बारीक रेघा, केसांच्या,
आणि कडेला तांदळाएवढा पांढरा दाणा.
दाण्यामागं सरळ सावली.
दात.

मोठ्या बायकांत ही सावली पुष्कळदा पाहिलीय.
एवढ्या लहान वयात, एवढी मोठी, दुसऱ्यांदाच.
पहिल्यांदा ओळखली नव्हती.
केप्याची मुलगी होती, नऊ वर्षांची.
घाईत होते, आतड्यात हवा होती,
मी लिहिलं: बद्धकोष्ठ.
ती परत आली तेव्हा गाठीला पीळ पडून रात्र उलटली होती,
एक अंडाशय काळं झालं होतं.
तिच्या घरच्यांनी माझे आभार मानले.

म्हणून यावेळी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.
पुन्हा तोच दाणा, तीच सावली.

"कितें आसा, डॉक्टर?"
गाठ आहे. साधी दिसतेय.
हा आमचा शब्द: साधी.
बांबोळीला पाठवायचं, रक्त तपासायचं, काढून टाकायची,
नारळाएवढी, तरी साधी.

आई दाराकडं बघून म्हणाली,
"म्हणजे... तसलं काही नाही?"
नाही. तसलं काही नाही. कधीच नव्हतं.
तेव्हा ती रडली,
आणि ते गाठीसाठी नव्हतं हे मनस्वीलाही कळलं असावं,
कारण तिनं छताकडं बघत पंख्याची पाती मोजली. तीन.
परत मोजली.

ऑगस्टमध्ये दोघी आल्या. टाका सुकलेला, अंडाशय राखलेलं.
बांबोळीचा कागद इंग्रजीत होता.
आई म्हणाली, मराठीत लिहून द्या, मोठ्या अक्षरांत.
मी लिहिलं: मनस्वीच्या पोटात साधी गाठ होती, ती काढली.
तिनं वाचलं. "साधी" खाली रेघ मारायला लावली.
घडी न करता कागद हातातच धरला.

मनस्वीचा प्रश्न वेगळा होता.
तो दात कुणाचा?
तुझाच.
दुधाचा की पक्का?
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
माहीत नाही, म्हटलं.
"मग आता कुठं आहे?"
बांबोळीला, बरणीत, औषधाच्या पाण्यात.
ती नाराज झाली.
बाकीचे सगळे तिनं कौलांवर फेकले होते,
हा एकच राहिला.