खिसे

मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासायचे,
हा आमच्या मुहर्रकच्या लाँड्रीतला एकच पक्का नियम.
बाकीचे नियम मालकाच्या रक्तदाबाप्रमाणे बदलतात.

अकरा वर्षं मी लोकांच्या खिशांत हात घालतोय.
पैसे फार नसतात. असले तर पाकिटात घालून वर नाव लिहितो.
जास्त करून काळजीच सापडते,
चार घड्या घातलेली, घामानं मऊ पडलेली.

कुंजुमोनच्या पँटमध्ये साखरेचा रिपोर्ट,
तीन महिने तोच.
बायकोला दाखवला नाही म्हणतो, उगाच तिला घोर.
रोज संध्याकाळी समुद्राच्या कडेनं तासभर चालतो
आणि परतताना हलव्याच्या दुकानात शिरतो.
"चाललो ना एवढा," म्हणतो.

उम्म जासिमच्या अबायात नेहमी एक चावी.
पहिल्यांदा मी ती धावत नेऊन दिली, रस्त्याच्या टोकापर्यंत.
नंतर मुबीननं सांगितलं. तो तिचा ड्रायव्हर, दापोलीकडचा परकार.
मुलगा परदेशी शिकायला गेलाय, त्याच्या खोलीची चावी.
दुपारी ती खोली उघडते, एसी लावते,
आत जात नाही.
खोली गार झाली की बंद करून येते.
"वीज फुकट जाते," मुबीन म्हणाला.
मी म्हटलं, फुकट कशी?

मुबीनला स्वतःला कसलीच चिंता नाही.
व्हिसा संपत आला, अल्ला आहे. बहिणीचं जमत नाही, अल्ला आहे.
आणि गाडी लॉक केली का हे बघायला
तीनदा मागे जातो.
मी काचेतून मोजतो. एकदा चार झाले.

रफिकुल बोलत नाही. तो इस्त्री करतो.
सिल्हेटहून फोन आला, की त्या दिवशीच्या शर्टांच्या कडा
अशा निघतात की बोट कापेल.
मालक खूश.

आणि मी?
मी रात्री साडेनऊला घरी फोन करतो. कुडाळात तेव्हा बारा वाजलेले.
विचारतो, गॅस बंद केलास?
प्रमिला म्हणते, थांबा.
मग पायांचा आवाज, मधलं दार, लाईटचं बटण,
पुन्हा पाय.
"केलाय."
अकरा वर्षांत एकदाही तो चालू नव्हता.
मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे.
मला फक्त ते पाय ऐकायचे असतात.
मग ती विचारते, जेवलात?
आणि मी भाताखाली विस्तव लावत म्हणतो, केव्हाच.

परवा माझाच शर्ट धुऊन आला,
खिशात कागदाचा गोळा,
लाडवाएवढा घट्ट, पांढराफटक.
काहीतरी लिहून ठेवलं होतं मी,
विसरू नये म्हणून.
हप्ता? धाकट्याच्या फीची तारीख? आईच्या गोळीचं नाव?
उलगडायला गेलो तर भुगा हातात.
रफिकुलला म्हटलं, नियम काय आहे आपला?
तो म्हणाला, तुझे खिसे मी तपासले नाहीत, तू तपासतोस ना सगळ्यांचे.

रात्रभर डोळा नाही.
ऑगस्टात इथं भिंतींनासुद्धा घाम येतो.
वरच्या बाकड्यावर कुणीतरी झोपेत दिनार मोजत होतं.
मी आठवत राहिलो, कशाची काळजी करत होतो.
एकेक काळजी काढून बघितली, सगळ्या जागेवर होत्या,
एकच कमी.

दुसऱ्या दिवशी फोनवर गप्प राहिलो.
प्रमिला म्हणाली, आज विचारलं नाहीत?
मी म्हटलं, काय?
मग तीच उठली.
पाय, मधलं दार, बटण.

गोळा अजून आहे, इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला.
वाळून आता चांगला कडक झालाय.