खोली क्रमांक दोन, खाडीअलीकडे

चार वाजून गेल्यावर ती आली.
रिकामी पाटी दाराबाहेर ठेवली,
हात पदराला पुसले,
प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं,
माशाच्या पाण्यापासून जपलेलं.
मी पट्टी यादीवरून सरकवत गेलो,
सारंग, सारंग, सारंग.
या भागात चौदा सारंग होते.
द्वारका नव्हती.

"माझां नाव पलीकडच्या शाळेत आसा,"
ती म्हणाली, आणि खिडकीकडं बोट केलं.
खरंच दिसत होती ती शाळा,
सुरूंच्या आड लाल कौलं,
मांडवाखालची माणसं मोजता येतील इतकी जवळ.
मध्ये भरतीचं पाणी.
इथून कुणी हाक मारली असती
तर तिथल्या कुत्र्यानं कान टवकारले असते.

मग जा की, मी म्हणालो.
"कशान जातलंय?"

लाँच कालपासून निवडणुकीच्या कामी होती.
हे मला तरी कळायला हवं होतं,
तिच्याच फळीवर बसून मी आलो होतो
यंत्राची पेटी मांडीवर घेऊन.
पुलावरून जावं तर बत्तीस किलोमीटर,
आणि एसटीच्या काचेवरही आमचाच कागद.
पहाटे तिला कुणाच्या तरी पातीनं इथं सोडलं,
ती पात आता दर्यावर.

"ह्यां यंत्र तांच मां?"
तेच.
"शाय तीच?"
तीच.
"उभे ऱ्हवलेले तेच?"
तेच, म्हणालो, चिन्हंसुद्धा.
फक्त यादी वेगळी.

"वीस वर्सां हय पाटी घेवन येतंय.
माझो तराजू तुमका चलता.
मगे मत कित्याक चलना नाय?"

दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी एकदम हसले,
सकाळपासून पहिल्यांदाच एकत्र.
एक म्हणाला, घेऊन टाका हो मास्तर,
त्याच्याकडं तिची सुरमईची उधारी होती.
ती कोण, याबद्दल खोलीत कुणालाच शंका नव्हती.
शंका नव्हती म्हणून काही होत नाही.
केंद्राध्यक्षांनी पुस्तिका उघडली,
ज्या पानावर ती उघडली
तिथं तिच्यासाठी काही नव्हतं.

मी मान खाली घातली
तेव्हा स्वतःचं बोट दिसलं.
सकाळी मी मत दिलं होतं, इथंच, याच खोलीत.
माझं गाव पार घाटाच्या पायथ्याशी,
या यादीत मीसुद्धा नव्हतो.
पण माझ्याकडं एक कागद होता सहीशिक्क्याचा,
हा माणूस कामावर आहे,
जिथं आहे तिथं त्याला मत देऊ द्या.

तीही कामावरच आली होती.

हे मी बोललो नाही.
पुढच्याचं नाव मोठ्यानं वाचलं,
तांबड्या पेनानं रेघ मारली.

सहापर्यंत ती पायरीवर बसून होती.
एक होडी दिसली, ती वरच्या अंगाला वळली.
मग ओहोटी लागली,
पाणी उतरत गेलं
आणि पलीकडची शाळा आणखीनच जवळ आली,
नुसत्या चिखलावर.
सहाला तिथलं दार लावलेलं
आम्ही सगळ्यांनी इथून पाहिलं.

लाख वितळवली, मोहरा मारल्या,
बोटं पोळली, सह्या केल्या.
आठ वाजता पाणी भरलं तेव्हा लाँच आली.
नियमानं तिला घ्यायला नको होतं.
तेव्हा मात्र कुणी पुस्तिका उघडली नाही.
दोन पोलिसांच्या मध्ये
पाटी मांडीवर घेऊन ती बसली,
माझ्या मांडीवर पेटी.
पाच मिनिटांची खाडी.
कुणी काही बोललं नाही,
इंजिनच्या आवाजाचा आधार होता.

तिच्या धक्क्याला लाँच लागली.
उतरताना तिनं पोलिसाचा हात धरला,
वर चढली, वळून म्हणाली,
"पोचलंय बघा."

मग तिच्या जागेवर
पलीकडचं यंत्र आणून ठेवलं.
फळी अजून ओली होती.