आठ घरं, दोन दशांश

पेइप्सी तळ्याचं पाणी दर दहा मिनिटांनी
एक आकडा पाठवतं.
मुस्तवेच्या धक्क्याखालच्या पाइपातून, तारेतून,
तार्तूमधल्या दुसऱ्या मजल्यावर,
हेल्वेच्या पडद्यावर.
आकडे येतात ते धावत, अंगावरचं काही न सावरता:
कुणाला सहा दशांशांची शेपटी, कुणाला एकाचीही नाही,
कुणाच्या मागेपुढे रिकाम्या जागा लोंबतायत.

पहिला घोळ घातला तो स्वल्पविरामाने.
या देशात पूर्णांक संपला की
लोक टिंब देत नाहीत,
स्वल्प विराम घेतात
आणि मग अपूर्णाकडे वळतात.
स्क्रिप्टला एवढी उसंत कुठली?
तिने प्रत्येक विरामाशी ओळ कापली.
तीस पूर्णांक चार मीटर पाणी:
तीस या रकान्यात, चार त्या रकान्यात,
आणि तळं मधोमध उभं चिरलेलं.

हेल्वे विरामाच्या जागी टिंब घालते.
आठ घरं रुंदी, दोन दशांश, उजवी कड धरून.
एंटर.
आणि पंगत बसते.
टिंबाखाली टिंब, एककाखाली एकक,
ओळंबा सोडावा तशी रेघ
पडद्यावरून खाली, खाली.
कॉफी निवून जाते.
कुणाला सांगावं, की सरळ रकाना बघून
पोटात काहीतरी शांत होतं?

मधेच, उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
म्हणजे सेन्सर गप्प होता, एवढंच.
आलेखाला ते खरं वाटलं,
त्याने तळ्याला थेट पाताळात ढकललं.
हेल्वे तिथे रिकाम्या जागा लिहिते. मोजून आठ.
नसण्यालाही रुंदी लागते,
नाहीतर पुढचे सगळे सरकतात.

इथवर ठीक.

मग जुन्या वह्या, एकोणीसशे एकसष्टपासूनच्या,
कुणीतरी टंकून ठेवलेल्या.
झिनोवी ग्रिशाकोव, कांद्याचे वाफे सांभाळून
रोज सकाळी आठला धक्क्यावर पट्टी वाचणारा.
त्याच्या आकड्यांच्या घरात शब्द राहतात.
"धुकं. पट्टी दिसली नाही."
"लाटा. बहुधा एकतीस."
"पट्टीवर बर्फ. कुऱ्हाड आणायला गेलो."

स्क्रिप्टला शब्द दिला की ती त्याची किंमत शून्य धरते.
शून्य पूर्णांक शून्य शून्य. उजवी कड धरून. नीटनेटकं.
धुकं शून्य, कुऱ्हाड शून्य.
"बहुधा" किती घरं रुंद असतं
हे तर तिने हस्तपुस्तिकेत शोधूनही पाहिलं,
अर्धं हसत, अर्धं खरंच.

साडेपाचला ती एक रकाना वाढवते.
शेवटचा. डावी कड धरून. रुंदी: लागेल तेवढी.
शेजारच्या टेबलावरून रैवो म्हणतो,
"छापताना कागदाबाहेर जाईल हे."
"जाऊ दे."

ती पडदा उजवीकडे सरकवत राहते,
आकडे डावीकडे एकेक करून दिसेनासे होतात,
आणि बरंच पुढे, एका जानेवारीतल्या ओळीच्या टोकाला:
"शाई गोठली. पेन्सिलीने लिहितोय.
पाणी कालच्याइतकंच."

हेल्वे वरची ओळ बघते.
काल:
"बर्फवादळ. धक्क्यापर्यंत पोचलो नाही."