पारदर्शक

लिबेरेत्सच्या रुग्णालयात, तळघरात,
माझं काम चार मायक्रॉनचं.
मेणाच्या ठोकळ्यातून पापुद्रा काढायचा,
कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर झेलायचा.
मेणात माणूस असतो, म्हणजे त्याचा नखाएवढा तुकडा.
आजचा: वेन्डेलीन ह्रुबेश, वय एकाहत्तर, डावं मूत्रपिंड.

या गाठीच्या पेशी दिसायला सुंदर.
बोलू नये, पण आहे.
आतली चरबी रसायनांत धुऊन जाते
आणि उरतात रिकाम्या, लख्ख खोल्या,
भिंती तेवढ्या शाबूत.

मग रंग.
प्रथिन जागेवर असेल तर केंद्रक तपकिरी होतं,
बशीतल्या कॉफीच्या डागासारखं.
कडेच्या पांढऱ्या पेशी झाल्यात तशा,
म्हणजे रंग बरोबर, हातही बरोबर.
गाठीतली मात्र सगळी निळीच.
जनुकच तुटलेलं.
आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?
आमच्याकडे वाईट बातमी अशी येते:
काहीतरी दिसत नाही, एवढीच.

मंगळवारी तो स्वतःच जिना उतरून आला,
डॉक्टर येलीनकोव्हांची चिठ्ठी घेऊन.
"माझं मला बघू द्या."
बोटांवर भाजल्याचे जुने, चकचकीत वण.
झेलेझ्नी ब्रोदला काचेच्या भट्टीवर चाळीस वर्षं.
एक डोळा मिटून वाकला.
"दोन्ही उघडे ठेवा," मी म्हटलं.

बराच वेळ बघितलं त्यानं.
"काच चांगली आहे," म्हणाला.
मग, तसाच वाकून:
"आमच्याकडेही अशी एक अंधारी खोली होती.
थंड झालेला पेला दोन काळ्या भिंगांमध्ये धरायचा.
आत ताण राहिला असेल तर रंग उमटत,
डबक्यावर तेल सांडावं तसे.
कुठला फुटणार ते कळायचं.
कधी, ते नाही.
असाच एक मी घरी नेला, फेकवेना.
चौतीस वर्षं झाली.
रात्री माझी कवळी त्यातच असते."

मी हसले. हसायला नको होतं.

अहवालात मी एक ओळ लिहीन.
त्यावरून वरचे लोक आकडा काढतील,
पाच वर्षांनी शंभरातले किती.
शंभर माणसं या खोलीत मावत नाहीत.
दोन स्टुलं आहेत, एकाचा पाय डुगडुगतो.

निघताना त्यानं ट्रेमधली कोरी काच उचलली,
दिव्याकडे धरली,
कडेवरून अंगठा फिरवला.
"ही धार घासून घ्या," म्हणाला,
"कापेल कुणाला."