बाकी चारशे अठ्ठ्याऐंशी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमचं काम आडमाप डिस्क बनवायचं.
डिस्क म्हणजे तरी काय, एक फाइल;
आतलं आभासी यंत्र तिला खरी समजून चालतं.
पाचशे बाराच्या मापात बसते ती शहाणी.
मी न बसणारी बनवतो : हजार बाइट, नेमके हजार.
एक माप भरतं, दुसरं भरता भरता
चोवीस कमी पडतात.

आत काहीतरी ओतावं लागतं,
नाहीतर गेलं काय नि राहिलं काय, कळणार कसं.
मी ‘क’ ओततो. एका ‘क’ला तीन बाइट.
तीनशे तेहेतीस ‘क’ होतात
आणि एक बाइट उरतो,
ज्याचं अजून अक्षर झालेलं नाही.

पहिलं हत्यार गुपचूप चोवीस शून्यं चिकटवतं.
दुसरं दारातच अडवतं : माप चुकलंय, परत जा.
त्याचा मला राग येत नाही.
तिसरं पाचशे बारावर कापतं.
एकशे एकाहत्तराव्या ‘क’चे दोन बाइट आत, एक बाहेर,
बाकी चारशे अठ्ठ्याऐंशी कुठं गेले विचारायची सोय नाही;
वर हिरव्या अक्षरांत : काम यशस्वी.

मूळ फाइल आणि शून्यं चिकटवलेली, दोन्ही
तुलनेच्या हत्यारापुढं ठेवल्या. म्हणालं, सारख्याच.
सक्त तपासणी लावली. म्हणालं, मापं वेगळी.
तेच हत्यार, त्याच फाइली.
मी फक्त आवाज चढवला होता.

खाली लेथवर भरमा नव्या पोराला सांगत असतो,
“जादा माल ठेव की,
खरं किती ठेवलास ते खडूनं लिही.”
जिन्यातून तापल्या वाळूचा वास वर येतो.

शेजारी सौभाग्या हुक्केरी. तिनं तिच्या फाइलीत
कन्नडचा ‘क’ ओतला होता.
दुपारी दोन्ही ‘क’ उकलून बघितले, आकडा आकडा.
पहिला बाइट तोच. शेवटचा तोच.
मधला तेवढा वेगळा.
म्हणजे शेपटीतला तो एकटा, हजारावा,
तिच्याकडं जो, तोच माझ्याकडं.
“हा तुझा का माझा?”
“पुढचं आलंच नाही की, कसं सांगू,”
म्हणत तिनं डबा उघडला.

संध्याकाळी दोष नोंदवला.
इंग्रजीत उतरवायच्या आधी मी मराठीत लिहून बघतो.
‘अपेक्षित काय’ या रकान्यात लिहिलं :
कापा, भरा, नाहीतर हाकला,
खरं बोलून करा.
पुण्याच्या टीमला कळावं म्हणून
‘खरं’ खोडून ‘पण’ केलं.
वाचलं.
परत ‘खरं’ केलं.

मच्छेच्या बसमध्ये सौभाग्याला शून्याचं तिकीट,
मला बाराचं. वीस दिले.
कंडक्टरनं तिकिटामागं आठ लिहून गोल केला.
पिरनवाडीला ती उतरली, हात हलवला का नाही
गर्दीत दिसलं नाही.
माझ्या स्टॉपवर मी तिकीट पुढं केलं.
त्यानं पिशवी चाचपली, सहा दिले,
आणि पावदानावर मी एक पाय खाली टाकलेला असताना
आठ खोडून
दोन लिहिलं.